बदकांना आधी जागा मिळाली

बूट जाड घाला, मिसूरीच्या काठचा चिखल पाय सहजी सोडत नाही. साल १८६०, ऑगस्टचे दिवस. नॉर्थ डकोटा नावाचं राज्य व्हायला अजून २९ वर्षं आहेत, तेव्हा नकाशा शोधू नका. समोर नदी आहे, गढूळ आणि घाईत. मागच्या उंच काठावर लाइक-अ-फिशहुक हे गाव आहे: मातीनं लिंपलेली घुमटाकार घरं, त्यांच्या छपरांवर निवांत बसलेली माणसं, आणि तुमचा वास लागून भुंकत सुटलेली कुत्री. १८३७च्या देवीच्या साथीत मँडन लोक जवळजवळ संपले, हिदात्सांचंही निम्मं माणूस गेलं. उरलेले १८४५ मध्ये एकमेकांच्या आधारानं इथे येऊन राहिले. आणखी दोन वर्षांनी अरिकाराही येतील.

गावात नंतर जा, आधी खाली शेतांत चला. वरचा माळ नुसता गवताचा आहे. मुळांचं जाळं इतकं घट्ट की हातातल्या अवजारांना दाद देत नाही. नदीकाठची जमीन मात्र गाळाची, भुसभुशीत. म्हणून मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल, सगळं खाली. शेतं बायकांची. लोखंडी कुदळी व्यापाऱ्यांकडून आल्यात, तरी एखादी म्हातारी बायसनच्या खांद्याच्या हाडाचीच कुदळ धरून बसलेली असते आणि नातींची थट्टा ऐकून घेते. मक्याच्या कडेला मचाण आहे. त्यावर दोन मुली पाखरं राखतायत आणि गातायत, तेही मक्यासाठी. त्यांच्या मते मक्याला गाणं लागतं. कोवळी कणसं भाजायचे हेच दिवस आहेत. कुणी देऊ केलं तर नाही म्हणू नका.

या शेतांची इतकी बारीक माहिती आपल्यापर्यंत आली ती एका बाईमुळे. बफेलोबर्ड-वुमन याच गावात वाढली, म्हातारपणी तिनं आपली शेती गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला तपशीलवार सांगितली, आणि १९१७ मध्ये तिचं पुस्तक झालं. माझ्या मते शेतीवरच्या फार थोड्या पुस्तकांत इतका अनुभव भरलेला आहे. बी किती खोल टोकायचं, भोपळ्याच्या चकत्या कशा ओवून वाळवायच्या, धान्याचं पेव कसं लिंपायचं, काही म्हणून सुटलेलं नाही.

आता ९१ वर्षं पुढे, आणि नदीनं थोडं वरच्या अंगाला. एल्बोवुड्स, १९५१. इथे सरकारी कचेरी आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, आणि नदीवर १९३४ मध्ये बांधलेला फोर बेअर्स पूल. साथीत गेलेल्या मँडन पुढाऱ्याचं नाव त्याला दिलंय. पुलावर उभे राहा आणि लोखंडी कठड्यावर हात ठेवा. हा पूल तुम्हाला पुढे पुन्हा लागणार आहे. खाली कॉटनवुडची झाडी, तिच्यात हरणं, आडोशाला गुरं. हिवाळ्यात माळावर वारा अंगाची सालं काढतो, तेव्हा माणसं आणि जनावरं दोन्ही या खोऱ्यात तग धरतात. सरपण इथलं, कोळसा काठच्या दरडीतला, जूनबेरीची फळं ओघळीतली. बाजारातून आणायचं ते थोडं.

पण लोकांच्या बोलण्यात एकच विषय आहे: वर कधी जायचं. अमेरिकी काँग्रेसनं १९४४ मध्ये मिसूरीवरच्या धरणांची पिक-स्लोन योजना मंजूर केली. खालच्या राज्यांतली शहरं पुरापासून वाचवायची होती. गॅरिसन धरणाचं काम १९४७ मध्ये सुरूही झालं, आणि जमीन विकत द्यायच्या करारावर सही झाली त्यानंतर, २० मे १९४८ रोजी. त्या दिवशीचा वॉशिंग्टनमधला फोटो प्रसिद्ध आहे. अंतर्गत खात्याचे मंत्री क्रुग सही करतायत आणि शेजारी तिन्ही जमातींच्या मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चष्मा हातात घेऊन, चेहरा झाकून रडतायत. सही नाकारायची सोय होती का, हे फोटोत दिसत नाही. धरणाचा भराव तेव्हाच चढत होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एप्रिल १९५३ मध्ये नदी अडवली. लाटेची वाट बघू नका, पाणी तसं येत नाही. सकाळी खुंट रोवा, काही दिवसांनी खुंट बुडालेला असतो. ट्रकांवर लादलेली घरं माळाकडे सरकतायत. कबरी उकरून वर नेल्यात. १९५४ मध्ये एल्बोवुड्स पाण्याखाली जातं. या तिन्ही जमातींच्या राखीव प्रदेशातली दीड लाखाहून जास्त एकर जमीन गेली आणि सव्वातीनशे कुटुंबं उठली, म्हणजे तिथल्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के. नवीन गावाचं नाव न्यू टाउन. नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं खाजवलं नसावं. धरण साडेतीन किलोमीटरच्या जवळपास लांब, ६४ मीटर उंच, नुसत्या मातीच्या भरावाचं. मागे साठलेलं पाणी भरल्यावर २८० किलोमीटरहून लांब. त्याला पुढे नाव दिलं साकाकावेआचं, १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या शोधमोहिमेबरोबर निघालेल्या, हिदात्सांच्या गावात राहिलेल्या तरुणीचं.

१९५५. पूल उचलून न्यू टाउनजवळ आणून बसवलाय. हवं तर पुन्हा हात ठेवा, लोखंड तेच आहे. आणि त्याच साली तिकडे पूर्वेला, स्नेक क्रीकच्या बाजूला, पक्ष्यांसाठी सरकारी अभयारण्य जाहीर होतं. कारण सरळ होतं. धरणानं नदीकाठचा अधिवास बुडवला, त्याची भरपाई करायची. पुढे त्याला चित्रकार ऑड्युबनचं नाव मिळालं. तो १८४३ मध्ये आगबोटीनं इथूनच वर गेला होता. फुटकळ टेकड्यांचे माथे पाण्याबाहेर राहिले, त्यांची बेटं झाली. कोल्ह्याला आणि स्कंकला तिथवर जाणं अवघड, म्हणून बदकं तिथे घरटी करतात. मे महिन्यात गाडीरस्त्यानं हळूहळू फिरा, काच खाली ठेवा. मॅलार्ड, गॅडवॉल, निळ्या पंखांची टील. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या लाखो डबक्यांचा हा मुलूख, उत्तर अमेरिकेतली बदकं मोठ्या संख्येनं इथेच जन्मतात.

बदकांचा मला हेवा नाही. बुडवलं तर भरून द्यावं, हा न्याय चांगलाच आहे. फक्त तो कुणाला किती दिवसांत लागू झाला ते बघा. पक्ष्यांना दोन वर्षांत. माणसांना १९४९च्या कायद्यानं मिळून सव्वा कोट डॉलर दिले, पण जलाशयाच्या किनाऱ्यावर गुरं चारायचा, शिकारीचा, मासेमारीचा हक्क नाकारला. ते मोल अपुरं होतं हे काँग्रेसनं मान्य केलं १९९२ मध्ये, आणखी सुमारे १५ कोट डॉलर देऊन. बुडालेल्या दवाखान्याच्या बदल्यात कबूल केलेला दवाखाना न्यू टाउनला उघडला तेव्हा २०११ साल उजाडलं होतं. नाव एल्बोवुड्सचंच ठेवलं.

मधल्या काळात २००५च्या मे महिन्यात थांबा. दुष्काळानं पाणी इतकं उतरलंय की होड्या उतरवायचे सिमेंटचे उतार चिखलात संपतात. क्रो फ्लाइज हाय टेकडीवरून खाली पाहा, बुडालेल्या सॅनिश गावाचे पाये दिसतील. किनाऱ्यावर मात्र पाइपिंग प्लोव्हरची चंगळ आहे. हा आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद. त्याला उघडी वाळू आणि खडे लागतात, आणि पाणी जितकं खाली तितकी त्याची जागा जास्त. होडीवाला आणि हा पक्षी एकाच वर्षी खूश झालेले क्वचित सापडतात. सहा वर्षांनी उलटं होतं: २०११च्या जूनमध्ये सांडव्याचे २८ दरवाजे धरणाच्या इतिहासात पहिल्यांदा उघडावे लागतात आणि घरट्यांच्या जागा पाण्याखाली जातात.

आता आजच्या दिवशी या. व्हॅन हूकला तंबू ठोका. कॅम्पिंगच्या जागेला हे नाव बुडालेल्या गावाचं आहे. तसंच फोर्ट स्टीव्हन्सन हे राज्य उद्यान, मूळ लष्करी ठाणं तळाशी. रात्री क्षितिजावर तेलविहिरींचा वायू जळताना दिसेल. सकाळी होडी काढा. वॉलाय मासा पाण्याखालच्या उंचवट्यांपाशी, जुन्या रस्त्यांच्या भरावापाशी घुटमळतो, म्हणून इथले मुरलेले गळवाले जुना नकाशा बाळगून असतात. रस्ता कुठे वळायचा, रुळांचा भराव कुठून जायचा, हे त्यांना चोख माहीत असतं. शाळेत न शिकवलेला हा भूगोल माशापायी टिकलाय. होडीतल्या पडद्यावर तळाची रेघ एकदम उंचावली की गळ सोडा. दिवसाला पाच वॉलाय ठेवता येतात. सहावा लागला तर सोडून द्या, वनरक्षक डबा उघडून मोजतात.