फेफऱ्यातली कांदा-चपलेची रीत

फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी फोडलेला कांदा किंवा चामडी चप्पल धरायची, मुठीत किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, ही रीत जालना जिल्ह्यातच नव्हे, तर मराठवाड्यात सर्वत्र चालत आली. उग्र वासाने शुद्धीवर आणण्याची कल्पना फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दहावा अध्याय अपस्माराचा, म्हणजेच फेफऱ्याचा. त्यात वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगून तीक्ष्ण नस्य (नाकात घालायचे औषध), अंजन व धूपन सुचवले आहे. वैद्याच्या नस्याची जागा घरात कांद्याने घेतली असावी. चामडे आणि लोखंड यांच्यामागे मात्र बाहेरची बाधा पळवण्याचा समज होता.

रीत टिकली, कारण ती दर वेळी लागू पडल्यासारखी दिसे. झटका बहुधा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतो. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. श्रेय कांद्याला मिळे, काम मेंदूने स्वतः केलेले असे.

ते काम कसे चालते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडत गेले. झटक्यात असंख्य चेतापेशी एकाच वेळी पुन्हा पुन्हा उत्तेजित होतात. प्रत्येक संदेशागणिक सोडियम पेशीत शिरते आणि पोटॅशियम बाहेर पडते. पेशींभोवतीच्या द्रवात एरवी लिटरमागे 3 मिलिमोलच्या आसपास असणारे पोटॅशियम प्राण्यांवरील प्रयोगांत झटक्याच्या वेळी 10 ते 12 पर्यंत चढलेले आढळले. ते साचले की शेजारच्या पेशीही सहज उत्तेजित होतात. डेन्मार्कचे येन्स स्को यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या चेतांमध्ये सोडियम-पोटॅशियम पंप शोधला. त्यासाठी त्यांना 1997 चे नोबेल मिळाले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून हा पंप 3 सोडियम आयन बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतो. दर फेरीला एक धनभार जास्त बाहेर जात असल्याने पेशी शांत होण्याकडे झुकते.

पंपाला साथ देतात त्या ग्लिया पेशी. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 1856 मध्ये त्यांना चेतापेशी जोडून धरणारा निव्वळ गोंद मानले होते. स्टीफन कफलर आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये दाखवले की, चेता कार्यरत झाल्या की बाहेर पडलेल्या पोटॅशियमने ग्लियांचा विद्युतभार बदलतो. ताराकृती ग्लिया हे पोटॅशियम शोषून दूरवर पांगवतात, उत्तेजक ग्लुटामेटही उचलून नेतात. त्यांचा पोटॅशियम-मार्ग जन्मतः सदोष असलेल्या बालकांना झटके येतात, हे 2009 मध्ये स्पष्ट झाले. या पेशींचे महत्त्व याहून ठळक पुराव्याने क्वचितच पटले असते.

ही यंत्रणा अपुरी पडली आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला, की जिवाला धोका असतो. अशा वेळी कांद्याची वाट पाहणे घातक ठरते. फेनोबार्बिटल 1912 पासून आणि फेनिटॉइन 1938 पासून उपचारात होते. पण निजामी राजवटीतल्या, 1948 पर्यंतच्या मराठवाड्यातल्या खेड्यापासून दवाखाना लांब होता. 1956 मध्ये औरंगाबादेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि बरे न होणारा रोगी तिथल्या ‘घाटी’ रुग्णालयात नेणे हा पुढे जालन्याकडचा रिवाज झाला.

रिवाजापेक्षा जास्त दुखावले ते कायद्याने. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार अपस्मार येणाऱ्यांना, वेडाचे झटके येणाऱ्यांसोबतच, विवाहास अपात्र ठरवले. मुली फेफरे लपवीत, गोळ्या चोरून घेत किंवा सोडून देत, आणि झटके वाढत. 1999 च्या दुरुस्ती कायद्याने अपस्माराचा तो उल्लेख काढून टाकला.