मुलाशेजारच्या खुर्चीतील बाई

२१ डिसेंबर २००७ रोजी ‘तारे जमीन पर’ प्रदर्शित झाला. त्यातील निवासी शाळेचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या न्यू एरा शाळेत झाले होते. ज्याच्यापुढे अक्षरे नाचू लागतात असा ईशान अवस्थी आणि त्याला ओळखणारा चित्रकलेचा शिक्षक, या जोडीने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घराघरांत नेला. मूल आळशी किंवा हट्टी नसून त्याच्या मेंदूची घडणच निराळी असू शकते, हे कित्येक पालकांना प्रथम त्या पडद्यावर कळले.

ईशान मुलगा होता, आणि त्यात कुणालाच काही खटकले नाही. कसे खटकणार? तोवर शंभर वर्षे या विषयाचा बहुतेक अभ्यास मुलग्यांना समोर बसवूनच झाला होता. सातारा-सांगलीकडची एखादी बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर, मोबाईलवरून समुपदेशकाशी बोलताना, आपल्याला एडीएचडी आहे किंवा आपण स्वमग्न आहोत हे प्रथम ऐकते, तेव्हा त्या उशिराची मुळे याच शंभर वर्षांत सापडतात.

(स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया यांसारख्या घडणींना एकत्रितपणे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. आजार हा शब्द येथे मुद्दाम टाळला जातो. तो का, ते पुढे येईलच.)

सुरुवात लंडनपासून. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली, ज्यांची बुद्धी शाबूत होती पण ज्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. आज ज्याला एडीएचडी म्हणतात त्याच्या इतिहासात या व्याख्यानांचा उल्लेख हमखास येतो. त्याने वर्णन केलेल्या अशा वीस मुलांत पंधरा मुलगे होते आणि पाच मुली. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनरने स्वमग्नतेवरचा गाजलेला निबंध लिहिला. त्यात अकरा मुले, आठ मुलगे आणि तीन मुली. १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगरने तपशिलाने मांडलेली चारही उदाहरणे मुलग्यांची. मुलींमध्ये हे चित्र पूर्णपणे उमटलेले आपल्याला आढळले नाही, असे त्याने नोंदवले. (हाच अ‍ॅस्परगर नाझी राजवटीच्या बालहत्येच्या यंत्रणेत सामील होता, हे २०१८ साली कागदपत्रांनिशी पुढे आले.)

कॅनर आणि अ‍ॅस्परगर यांच्या आधी मॉस्कोतील एका बाईने मुलींकडे पाहिले होते. ग्रुन्या सुखारेवा. १९२५ मध्ये तिने सहा मुलग्यांची वर्णने प्रसिद्ध केली; ती आजच्या स्वमग्नतेच्या व्याख्येशी थक्क करणारी जुळतात. पुढे १९२७ मध्ये तिने मुलींवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि मुलींत तीच घडण कशी निराळ्या रूपाने दिसते ते मांडले. मुलग्यांवरील निबंध इंग्रजीत यायला १९९६ साल उजाडले. मुलींवरच्या निबंधाला त्याहून दोन दशके अधिक थांबावे लागले.

त्या काळात कृष्णाकाठी काय स्थिती होती? मूल ‘वेगळे’ आहे हे प्रथम दिसते ते शाळेत. फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिनेने बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, तीसुद्धा शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठीच. पण जी मुलगी वर्गात बसतच नाही, ती वर्गात मागे कशी पडणार? सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातील नायगावच्या. त्यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली ती १८४८ साली. तरीही त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १९२९ मध्ये, मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवण्यासाठी शारदा कायदा करावा लागला. सुखारेवा मॉस्कोत मुलींची निरीक्षणे लिहीत होती, त्या सुमारास सातारा-सांगलीच्या खेड्यांतील बहुसंख्य मुली निरीक्षणाच्या टप्प्यातच नव्हत्या. त्या चुलीपुढे होत्या, शेतात होत्या, सासरी होत्या.

मराठी मुलांपर्यंत ही कसोटी आली तीही सांगलीच्या शेजारून. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची कसोटी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी पुढे अनेक दशके भारतभर वापरली गेली. मात्र ती बुद्धी मोजत असे. हुशार असूनही रोज डबा विसरणारी, गोंगाटात कोलमडणारी, मैत्रिणींचे बोलणे पाठ करून मग तसे बोलू पाहणारी मुलगी तिच्यातून सहज निसटे. गुण चांगले, म्हणजे प्रश्नच नाही.

आणि मराठी घरात त्या निसटण्याला आणखी एक गोष्ट मदत करत होती. तिचे नाव ‘वळण’.

मुलीला वळण लावायचे, म्हणजे काय काय करायचे? हळू बोलायचे, पाय हलवायचा नाही, मोठ्यांपुढे मान खाली, हळदीकुंकवाला गेल्यावर हसरा चेहरा, पंगतीत गरमागरम वाढताना चूक नको. मुलगा वर्गात बाकावर चढला की शिक्षक आईबापांना बोलावतात. मुलगी खिडकीबाहेर पाहत बसली की प्रगतिपुस्तकात ‘शांत, पण लक्ष नसते’ असा शेरा पडतो. एडीएचडीचा हा न दिसणारा, आत धावणारा प्रकार मुलींत पुष्कळ आढळतो. आणि स्वमग्न मुली इतरांचे हावभाव उचलून आपले वेगळेपण झाकतात. या झाकण्याला आता ‘मास्किंग’ म्हणतात. ते मोजण्यासाठी इंग्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये पंचवीस विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. सातारा-सांगलीच्या सासवांना त्या पंचवीसही विधानांत सुनेचे गुणच दिसले असते.

झाकण्याचा भार कुठेतरी बाहेर पडतोच. अवघड दिवसानंतर ओक्साबोक्शी रडणे, बोलणेच बंद होणे, अंग ताठरणे. अशा बायकांना पूर्वी देवऋषाकडे नेत, ‘बाहेरचे’ पाहत; फारच झाले तर रत्नागिरी किंवा येरवड्याचे मनोरुग्णालय. आज मागे वळून त्या बायकांवर एखाद्या निदानाची चिठ्ठी डकवणे हा इतिहासाशी खेळ ठरेल. परंतु त्यांच्यासमोरच्या वाटा इतक्याच होत्या, हे खरे. या भागात ती चौकट मोडण्याचे मोठे काम साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी केले. अंधश्रद्धा निर्मूलनाबरोबरच त्यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था उभारली, आणि व्यसनमुक्तीसोबत मानसिक आरोग्याचा प्रश्न जिल्ह्याच्या बोलण्यात आणला. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला.

२०१३ हे साल निदानाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती त्या वर्षी निघाली. एडीएचडीची लक्षणे सातव्या वर्षाआधी दिसलीच पाहिजेत ही अट बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली, आणि स्वमग्नता व एडीएचडी एकाच व्यक्तीत असू शकतात हे प्रथमच मान्य झाले. मोठ्या वयाच्या बायकांना दार उघडले ते येथे. भारतातील साधने मात्र अजून बालकांकडे तोंड करून होती. स्वमग्नता ओळखण्यासाठी येथे तयार झालेले इन्क्लेनचे साधन दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

त्यामुळे बाई या दारापर्यंत बहुधा एकटी येत नाही. ती मुलाला घेऊन येते. तपासणीच्या खोलीत मुलाशेजारच्या खुर्चीत बसून ती प्रश्नावली भरते, आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाशी तिचे पेन थबकते: हे तर माझेच वर्णन. मौज अशी की अ‍ॅस्परगरने १९४४ मध्येच हे पाहिले होते. काही मुलांच्या आयांचे वागणे स्पष्टपणे त्याच वळणाचे आहे, असे त्याने लिहिले. खुर्ची तेव्हाही तिथेच होती. तिच्यात बसलेल्या बाईची तपासणी करावी, असे कुणाला सुचले नाही.

निदानानंतर उपचार, पण कसला? १९८७ मध्ये अमेरिकेतील ओले इव्हार लोवास याने दाखवले की कठोर सरावाने काही स्वमग्न मुले इतरांपासून ओळखू न येण्याइतकी ‘सुधारतात’. त्याच्या एकोणीसपैकी नऊ. अनेकांना हे यश वाटले. वयाची तीस-चाळीस वर्षे ओळखू न येण्यातच घालवलेल्या बाईला मात्र तेच औषध पुन्हा देणे म्हणजे जखमेवर मीठ. याविरुद्ध आवाज उठला तो स्वमग्न माणसांतूनच. जिम सिंक्लेअर याने १९९३ मध्ये पालकांना विनवले की आमच्यासाठी शोक करू नका. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्यूडी सिंगरने ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ची कल्पना आपल्या प्रबंधात मांडली. तिची आई, तिची मुलगी आणि ती स्वतः, अशा तीन पिढ्यांत ती ही घडण पाहत होती.

‘स्वीकारशील’ समुपदेशन या धाग्यातून आले. तेथे बाईला सर्वसाधारण दिसायला शिकवत नाहीत. कोणत्या आवाजाने, कोणत्या कापडाने, कोणत्या वेळी ती थकते याची यादी होते. घरातली कामे तिच्या लक्षाच्या चालीने लावली जातात. लग्नघरातून अर्ध्या तासासाठी गच्चीवर निघून जाण्याला उद्धटपणा म्हणत नाहीत. सगळ्यात अवघड भाग दुःखाचा असतो. वीस वर्षे आपण ‘वेंधळ्या’ नव्हतो, हे कळल्यावर त्या वीस वर्षांचे काय करायचे?

हे सारे पडद्यावरून कसे होणार, अशी शंका घेतली जाते. पण दूरवरून, ओळख झाकून सल्ला घेण्याची रीत मराठीत जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. डॉक्टरला तोंडावर विचारता न येणारे प्रश्न वाचक पोस्टाने पाठवत आणि त्यांची उत्तरे छापून येत. यंत्राद्वारे मानसोपचार हीदेखील नवी गोष्ट नाही: अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १९६४ साली सुमारे १८० किलोमीटरवरचे रुग्णालय दुहेरी दूरचित्रवाणीने जोडले गेले. सांगलीहून पुणे याहूनही लांब आहे.

भारतात नियम आले ते टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत सेवा मराठीतही आहे. ती तातडीच्या आधारासाठी चांगली, वर्षभराच्या समुपदेशनाची जागा ती घेत नाही. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, तेथे डॉक्टरांची वाण नाही. तरीही जत किंवा पाटणच्या बाईला पडदा सोयीचा पडतो, कारण मनाच्या डॉक्टरकडे जाताना एसटी स्थानकावर कुणी ओळखीचे भेटत नाही. कॅमेरा बंद ठेवता येतो. बोलणे जमेना तर लिहिता येते. नजरेला नजर भिडवण्याची सक्ती नाही.

अडचणी आहेतच. एकत्र कुटुंबात एकांत कुठला? कुणी गच्चीवर जाऊन बोलते, कुणी उभ्या मोटारीत बसून. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो; चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेत तपासता येते. एडीएचडीवरचे मिथाइलफेनिडेट हे औषध दूरसल्ल्याने लिहून देण्यास मनाई आहे, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञापुढे प्रत्यक्ष बसावेच लागते. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही.

शेवटची अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल: पुरावा. बाराव्या वर्षाआधीची लक्षणे दाखवायची, म्हणजे अस्सल साधने हवीत. मग माहेरच्या माळ्यावरची ट्रंक उघडते. पिवळी पडलेली प्रगतिपुस्तके निघतात, त्यांवरचे शेरे वाचले जातात. आईला फोन होतो. आई सांगते, लहानपणी अगदी शांत होतीस, कसला म्हणून त्रास नव्हता. ज्या वळणाने सारे झाकले, तेच आता साक्षीला येते. फोन ठेवता ठेवता आईला काहीतरी आठवते. दिवाळीचे जरीकाठी परकर-पोलके अंगाला लागले की पोर किंचाळायची, म्हणून दरवर्षी आत जुना सुती झगा घालावा लागे.