पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख (२७ डिसेंबर १८९८ – १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील शेतकरी नेते, शिक्षणप्रसारक व स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री होते. लोक त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवन व शिक्षण

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात झाला. आईचे नाव राधाबाई. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते १९२० मध्ये इंग्लंडला गेले. वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली व ते बॅरिस्टर झाले. १९२६ मध्ये परतल्यावर त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली. १९२७ मध्ये त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला.

सामाजिक कार्य

अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठीच्या चळवळीत ते सहभागी होते. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या विस्तारावर भर दिला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करवल्या. ग्रामीण मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. अकोल्याचे श्री शिवाजी महाविद्यालय याच संस्थेचे आहे.

कर्ज लवाद कायदा

१९३० मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि शिक्षण, कृषी व सहकार खात्यांचे मंत्री झाले. त्याच सुमारास जागतिक मंदीमुळे कापसाचे भाव कोसळले. उत्पन्न घटले तरी सावकाराचे देणे कायम राहिल्याने जमिनी हातच्या जाऊ लागल्या. त्यांच्या प्रयत्नांतून १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा संमत झाला. त्यान्वये नेमलेली मंडळे धनको व ऋणको यांच्यात तडजोड घडवून देण्याची रक्कम ठरवीत व ती हप्त्यांनी फेडण्याची सोय करीत. पुढे इतर प्रांतांतही असे कायदे झाले.

स्वातंत्र्योत्तर कार्य

संविधान सभेचे सदस्य राहिल्यानंतर ते १९५२, १९५७ व १९६२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय मंत्रिमंडळात कृषिमंत्री होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. या संस्थेने १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यास भेट दिली.

निधन व स्मारक

दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालेले कृषी विद्यापीठ विदर्भातील शेतीचे शिक्षण, संशोधन व विस्तारकार्य पाहते.