ध्वनिरोधक भिंत : परिणामाचे पूर्वानुमान

महामार्ग वा लोहमार्गालगतची भिंत वाहतुकीचा आवाज किती घटवेल, याचे बांधकामापूर्वी केलेले गणित. आवाज भिंतीच्या माथ्यावरून वळून पलीकडे उतरतो (विवर्तन). म्हणून सरळ मार्गापेक्षा ही वाट किती जास्त लांब, हा फरक कळीचा. फरकाची दुप्पट भागिले तरंगलांबी म्हणजे फ्रेनेल अंक. त्यावरून आवाजातील घट सांगणारा, जपानी ध्वनिशास्त्रज्ञ माएकावा यांचा १९६८ मधील प्रयोगाधारित आलेख आजही पायाभूत आहे. ३४ सेंमी. फरक असल्यास ५०० हर्ट्‌झच्या आवाजात सुमारे १३ डेसिबल घट मिळते, १२५ हर्ट्‌झला जेमतेम ९. त्यामुळेच अवजड ट्रकांची घरघर भिंतीला फारशी जुमानत नाही. वाऱ्याची दिशा आणि समोरील भिंतीवरून होणारे परावर्तन यांनीही अंदाज बिघडतो. भिंतीत फट राहिली, तर सारे गणितच फोल ठरते.