दार बंद होतं तेव्हाची निष्ठा

एखादा गाजलेला स्ट्रायकर करंडकांसाठी क्लब सोडून निघाला की त्याला हमखास एक दाखला ऐकवला जातो. पूर्वीचे खेळाडू असे नव्हते, एकदा अंगावर चढवलेली जर्सी त्यांनी निवृत्तीपर्यंत उतरवली नाही. इंग्लंडमध्ये या दाखल्यासाठी बहुतेक वेळा टॉम फिनी यांचं नाव निघतं. फिनी यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच त्यांच्या निष्ठेची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते याचा त्रास होतो.

उरलेली अर्धी गोष्ट एका नियमापासून सुरू होते. १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला मान्यता दिली आणि तीन वर्षांनी १२ क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. सुरुवातीला हंगाम संपला की खेळाडू जिकडे चार पैसे जास्त मिळतील तिकडे जात. चांगली पोरं दोन-चार बड्या क्लबांकडेच गोळा होतील, अशी धास्ती बाकीच्यांना वाटू लागली. १८९३ मध्ये लीगने त्यावर तोडगा काढला. खेळाडूची नोंदणी ज्या क्लबकडे, त्याने सोडलं तरच त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येईल. करार हंगामापुरता असे, पण करार संपला तरी नोंदणी क्लबच्याच ताब्यात राहायची. क्लबने नाव राखीव यादीत टाकलं की खेळाडूने एकतर मिळेल त्या अटींवर सही करायची, नाहीतर पगाराविना घरी बसायचं. १९०१ पासून कमाल वेतनाची मर्यादाही आली, आठवड्याला ४ पौंड.

क्लबला मात्र तोच खेळाडू हव्या त्या किमतीला विकता येत होता. १९०५ मध्ये आल्फ कॉमन नावाचा आघाडीपटू संडरलँडने मिडल्सब्रोला १,००० पौंडांना दिला. एवढी रक्कम फुटबॉलमध्ये तोवर कुणी मोजली नव्हती. निष्ठेचा प्रश्न या व्यवहारात कुणी क्लबला विचारला नाही, आणि ती एकतर्फी सवय पुढे शंभर वर्षं टिकली.

फिनी या व्यवस्थेत वाढले. जन्म १९२२ चा, प्रेस्टनमधला, ज्या प्रेस्टन क्लबकडून ते पुढे खेळले त्याच्या डीपडेल मैदानाजवळचा. फुटबॉल खेळतानाही त्यांनी प्लंबरचा धंदा सोडला नाही, कारण खेळावर घर चालेल याची खात्री नव्हती. उजव्या बगलेवर, डाव्या बगलेवर आणि अखेरच्या वर्षांत मधल्या आघाडीवर ते खेळले. १९५२ मध्ये इंग्लंडचा संघ इटलीत असताना पालेर्मो क्लबच्या अध्यक्षांनी, जे सिसिलीतले एक राजपुत्र होते, फिनी यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. सही केल्याबरोबर १०,००० पौंड, महिन्याला १३० पौंड, वर बोनस, राहायला बंगला आणि गाडी. तेव्हा इंग्लंडमध्ये कमाल वेतन आठवड्याला १४ पौंड होतं आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फिनी यांनी परत येऊन क्लबच्या अध्यक्षांच्या कानावर ही गोष्ट घातली. त्यांच्या आठवणीप्रमाणे उत्तर मिळालं ते असं की प्रेस्टनकडून खेळणार नसशील तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. विषय तिथेच मिटला.

पुढे १९६० पर्यंत ते प्रेस्टनकडूनच खेळले. लीगचे ४३३ सामने, १८७ गोल. १९५३ मध्ये आर्सेनलशी गुण सारखे असूनही गोल-सरासरीवर लीगचं विजेतेपद हुकलं, १९५४ मध्ये एफए कपची अंतिम लढत वेस्ट ब्रॉमविचकडून ३-२ अशी गेली. इंग्लंडकडून ७६ सामने खेळलेल्या या माणसाला लीग किंवा एफए कप कधीच जिंकता आला नाही. त्यांच्या निवृत्तीनंतर पुढच्याच हंगामात प्रेस्टन खालच्या विभागात घसरला आणि अजून वर आलेला नाही. फिनी यांचं गावावर जिवापाड प्रेम होतं यात मला शंका नाही. पण पालेर्मोला जायचं की राहायचं, हा निर्णय त्यांच्या हाती कुणी दिलाच नव्हता. जो प्रश्न माणसाला विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर म्हणून त्याचं नाव दुसऱ्यांच्या तोंडावर फेकणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय त्या काळात करंडकांसाठी अमुक एका क्लबातच जावं लागे, असंही नव्हतं. पगार सगळीकडे बांधलेला, त्यामुळे गुणी खेळाडू गावोगाव विखुरलेले. १९४९ आणि १९५० मध्ये पोर्ट्समथ विजेता, १९५५ मध्ये चेल्सी, १९६० मध्ये बर्नली, १९६२ मध्ये इप्सविच. प्रेस्टनमध्ये राहूनही विजेतेपदाच्या काठावर पोचता येत होतं. क्लब की करंडक, ही आजची कोंडी फिनी यांच्या पिढीपुढे या रूपात उभीच नव्हती.

दार उघडलं ते न्यूकॅसलमध्ये. जॉर्ज ईस्टहॅम हा तिथला आघाडीच्या फळीतला खेळाडू. क्लबने दिलेलं घर राहण्याच्या लायकीचं नाही, अशी त्याची तक्रार होती, क्लबशी इतरही खटके उडालेले होते. १९६० मध्ये करार संपल्यावर त्याने नव्याने सही करायला नकार दिला आणि दुसरीकडे सोडण्याची मागणी केली. क्लबने त्याला राखून ठेवलं. मग इंग्लंडचा हा उगवता खेळाडू सरेमध्ये जाऊन बुचाच्या लाकडाचा माल विकू लागला. अनेक महिने तो खेळलाच नाही. अखेर नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलने त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलला दिलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, तरीही खेळाडू संघटनेच्या पाठबळावर त्याने खटला चालवला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपलेल्या माणसाला असं अडकवून ठेवणं हा त्याच्या पोटापाण्यावरचा अवाजवी निर्बंध ठरवला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांचे हे न्यायमूर्ती खापरपणतू. दोन वर्षं आधी, जानेवारी १९६१ मध्ये, संपाच्या इशाऱ्यापुढे नमून लीगने कमाल वेतनही रद्द केलं होतं.

इंग्लंडबाहेर हे व्हायला वेळ लागला. इटलीने १९८१ च्या कायद्याने खेळाडूचं हे बंधन काढलं. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनला करार संपूनही लिएजहून डंकर्कला जाऊ दिलं गेलं नाही, आणि त्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात मोकळा असल्याचा निकाल दिला. त्याच काळात पैसा मूठभर क्लबांकडे साचत चालला होता. इंग्लंडमध्ये लीग सामन्यांच्या तिकीटविक्रीतला पाहुण्या क्लबचा वाटा १९८३ मध्ये बंद झाला, १९९२ मध्ये प्रीमियर लीग आणि चॅम्पियन्स लीग आल्या. खेळाडूला जायची मुभा आणि करंडकांची मक्तेदारी या दोन गोष्टी एकाच सुमारास पिकल्या. तेव्हा कुठे राहण्याची किंमत मोजता येऊ लागली.

ती किंमत ॲलन शिअररने मोजली. न्यूकॅसलचाच हा मुलगा १९९५ मध्ये ब्लॅकबर्नकडून प्रीमियर लीग जिंकून बसलेला. १९९६ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेड त्याच्या दारात उभं होतं. तो दीड कोटी पौंडांना, त्या वेळच्या जागतिक विक्रमी रकमेला, न्यूकॅसलला गेला. तीन वर्षांनी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात समोर तेच युनायटेड होतं. न्यूकॅसल २-० हरलं, आणि चार दिवसांनी युनायटेडने चॅम्पियन्स लीगही जिंकून त्या हंगामातला तिसरा करंडक उचलला. शिअरर २००६ मध्ये निवृत्त झाला तोवर क्लबसाठी २०६ गोल झाले होते, मोठा करंडक एकही नव्हता. दार सताड उघडं असताना तो आत राहिला. निष्ठा हा शब्द मी त्याच्यासाठी राखून ठेवीन.

सोडून गेलेले सगळे मात्र त्यामुळे गद्दार ठरत नाहीत. गाब्रिएल बातिस्तुता १९९३ मध्ये फिओरेन्तिना दुसऱ्या विभागात घसरल्यावरही थांबला, क्लबला वर आणलं, १९९६ चा इटालियन कप जिंकून दिला. एकतिसाव्या वर्षी लीगच्या विजेतेपदासाठी तो रोमाला गेला. नोव्हेंबर २००० मध्ये फिओरेन्तिना रोमात खेळायला आलं. सामना संपत आलेला, गोल एकही नाही. बातिस्तुताने पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला फटका थेट जाळ्यात गेला. सहकारी धावत येऊन त्याला बिलगले, तो मात्र जल्लोष न करता रडत होता. रोमाने तो हंगाम जिंकला. नऊ वर्षं दिल्यावर एक विजेतेपद मागणाऱ्याला कृतघ्न म्हणायला माझी जीभ वळत नाही. टॉटनहॅमसाठी २८० गोल करून २०२३ मध्ये बायर्नला गेलेल्या हॅरी केनबद्दलही मला हेच वाटतं. उमेदीच्या वर्षांत याच क्लबने त्याला उसना म्हणून चार क्लबांत फिरवलं होतं, आणि २०२१ मध्ये जायचं म्हटल्यावर करार दाखवून अडवलं होतं. केन कुरकुरला, पण करार पाळून खेळला.

ताजी गोष्ट पुन्हा न्यूकॅसलचीच आहे. मार्च २०२५ मध्ये या क्लबने लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला. १९५५ नंतरचा इंग्लंडमधला त्यांचा हा पहिलाच मोठा करंडक, आणि त्या सामन्यातला एक गोल अलेक्झांडर इसाकचा. काही महिन्यांत इसाकने खेळायला नकार दिला. क्लबने दिलेला शब्द मोडला असं तो म्हणाला, जाऊ देण्याचा शब्द दिलाच नव्हता असं क्लबने सांगितलं. १ सप्टेंबरला तो साडेबारा कोटी पौंडांना त्याच लिव्हरपूलला गेला. काहींनी त्याच्या नकाराची तुलना लगेच ईस्टहॅमशी केली. मला ती मान्य नाही. ईस्टहॅमचा करार संपला होता आणि तरीही क्लब त्याला सोडत नव्हता. इसाकच्या कराराची तीन वर्षं बाकी होती, आणि २०२२ मध्ये सहा वर्षांच्या त्या करारावर सही करताना कुठल्याही राखीव यादीने त्याला बांधलेलं नव्हतं.