छातीवरचा बिल्ला

आज एका अगदी छोट्या वस्तूविषयी लिहायचे मनात आहे. निवडणुकीत छातीवर लावतात तो बिल्ला. सभा संपली की त्याची किंमत संपते, म्हणून त्याचा इतिहास लिहायला कुणी बसत नाही. पण आपल्या लोकशाहीची बरीचशी गोष्ट या रुपयाएवढ्या पत्र्यावर कोरलेली आहे, असे मला वाटते.

बिल्ल्याचे मूळ अमेरिकेत सापडते. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले तेव्हा लोकांनी त्यांची आद्याक्षरे असलेली पितळी बटणे कोटाला शिवून घेतली होती. १८६० मध्ये लिंकन यांचे पत्र्यावर काढलेले छोटे फोटो छातीवर आले. पण आपल्या ओळखीचा पिनेचा बिल्ला आला तो १८९६ साली. न्यू जर्सीतल्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने त्याचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन लढतीत बिल्ल्यांचा पूर आला. चलन सोन्यावर आधारलेले असावे की चांदीलाही स्थान असावे, हा तेव्हाचा वाद होता. म्हणून मॅकिन्लीवाले सोनेरी भुंगा लावायचे आणि ब्रायनवाले चंदेरी. अर्थशास्त्राचा एवढा अवघड प्रश्न एका भुंग्याने सोपा केला!

बनवायची रीत साधी आहे. कागदावर चित्र छापून गोल कापायचे. पत्र्याच्या उथळ टोपणावर तो कागद आणि त्यावर पारदर्शक पापुद्रा ठेवायचा. पूर्वी तो सेल्युलॉइडचा असे, आता प्लॅस्टिकचा असतो. साच्यात दाबले की कडा मागे वळतात आणि मागच्या कड्यात तारेची पिन अडकवतात. त्याहून स्वस्त प्रकार म्हणजे पत्र्यावरच चित्र छापायचे आणि गोल ठोकून काढायचा. पुढाऱ्यांच्या जाकिटावर दिसते ती पिन वेगळी. तिच्यात धातूवर ठशाने नक्षी उठवतात, खळग्यांत रंगीत मिना भरतात, भट्टीत भाजतात आणि घासून चकाकी आणतात.

आपल्याकडे बिल्ल्यावर नेत्याच्या चेहऱ्यापेक्षा चिन्ह महत्त्वाचे ठरले, त्याला कारण होते. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा. सगळे शेतकऱ्याच्या अंगणातले! ज्याला अक्षर येत नव्हते त्याला त्याचा पक्ष छातीवर वाचता येत होता.

मग पक्ष फुटू लागले. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि बैलजोडीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ च्या लोकसभेला बैल कुणालाच मिळाले नाहीत. इंदिराबाईंच्या पक्षाला गाय-वासरू मिळाले आणि संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी स्त्री. आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. त्यांच्या बंडीला बैलजोडीचा गंजका बिल्ला कायम असे. कार्यकर्ते नवा बिल्ला लावायला आले तेव्हा ते म्हणाले, "बैल माझ्या ओळखीचे हाईत. ही गाय कुणाची, ते आधी सांगा." कार्यकर्ते हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. पुढे १९७८ मध्ये इंदिराबाईंच्या काँग्रेसने हात घेतला. हेच हाताचे चिन्ह १९५२ मध्ये नागपूरच्या रुईकरांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाकडे होते, हे आज किती जणांना आठवते?

महाराष्ट्राने हा खेळ अलीकडे पुन्हा पाहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठवला गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो शिंदे गटाला मिळाला; ठाकरे गटाच्या हाती मशाल आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांकडे गेले आणि शरद पवारांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. कायद्याने चिन्ह कुणाचे ते ठरते. पण वीस-तीस वर्षे तो बिल्ला छातीवर मिरवणाऱ्या साध्या कार्यकर्त्याचे काय? त्याची निष्ठा माणसावर होती, विचारावर होती की त्या चित्रावर, हे त्याला एका रात्रीत ठरवावे लागते. आजोबांचा प्रश्न मला म्हणूनच थट्टेचा वाटत नाही.

आम्हा शिक्षकांची छाती मात्र निवडणुकीत रिकामीच. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही आणि चिन्हाचा बिल्ला लावून आत येता येत नाही. ड्यूटीवर असताना कितीतरी जणांना मी दाराशी बिल्ला काढायला सांगितले आहे. गावात ज्याचा पक्ष सगळ्यांना ठाऊक, तोही पडद्याआड एकटाच असतो. आत तो कुठले बटण दाबतो, ते बिल्ल्यालाही कळत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

जाता जाता एक विनंती. घरात जुने बिल्ले सापडले तर भंगारात देऊ नका. त्यांच्यावर साल नसते, पण चिन्हच साल सांगते. बैलजोडी असेल तर काळ फुटीपूर्वीचा, गाय-वासरू १९७१ पासूनचे, काँग्रेसचा हात १९७८ नंतरचा. हत्ती दिसला तर मात्र जपून! १९५२ मध्ये तो डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा होता, आज बहुजन समाज पक्षाचा आहे. तुमच्याकडे कुठले बिल्ले आहेत, ते जरूर कळवा.