नाव नसलेल्या अन्यायाला दाद मिळते का?

कुणी आपले नुकसान केले, पण त्या कृत्याला कायद्यात नावच नसेल, तर भरपाई मागता येईल का? इंग्लंडमध्ये या प्रश्नावर कायदेपंडितांचे दोन तट पडले. वाद होता ‘टॉर्ट’चा, म्हणजे अपकृत्याचा. करारभंगाहून वेगळ्या अशा ज्या दिवाणी आगळिकीसाठी पीडित भरपाई मागू शकतो, ती अपकृत्य.

सर जॉन सॅमंड यांचा ग्रंथ 1907 साली आला. त्यांचे म्हणणे असे की हल्ला, बदनामी, अतिक्रमण अशी ठरावीक अपकृत्येच आहेत. टपालातल्या पत्रांच्या खणांसारखे हे खण. तक्रार एकाही खणात बसली नाही तर दावा संपला. प्रा. विनफिल्ड यांनी 1930 च्या टागोर व्याख्यानांत, कलकत्ता विद्यापीठासाठी, उलट मत मांडले: समर्थनीय कारणाशिवाय केलेली प्रत्येक हानी हे अपकृत्यच.

इतिहासाची साक्ष विनफिल्ड यांच्या बाजूने मिळते. आयल्सबरीच्या मॅथ्यू ॲशबी या चांभाराला अधिकाऱ्याने मतदान करू दिले नाही. त्याचा उमेदवार निवडून आला होता, म्हणजे पैशाचे नुकसान शून्य. तरीही 1703 साली सरन्यायाधीश होल्ट म्हणाले की हक्क आहे तर त्याच्या भंगावर उपायही हवा. तिन्ही सहकारी न्यायाधीश विरोधात होते. पण लॉर्ड्स सभागृहाने होल्ट यांचेच मत मान्य केले.

स्कॉटलंडमध्ये 1928 साली श्रीमती डोनोग्यू जिंजर बिअर प्यायल्या आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली. पैसे मैत्रिणीने दिले होते, म्हणून करार नव्हता. 1932 साली लॉर्ड्सनी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की उत्पादकाने ग्राहकाची काळजी घ्यायलाच हवी. निष्काळजीपणाचा खण असा रुंदावला. पुढे 1939 साली ग्लॅनव्हिल विल्यम्स यांनी समेट सुचवला: खण आहेत, पण ते प्रशस्त आहेत आणि नवे खण जोडता येतात.

भारतासाठी फ्रेडरिक पोलॉक यांनी 1886 साली अपकृत्यांच्या कायद्याचा मसुदा तयार केला होता. तो कधीच मंजूर झाला नाही. त्यामुळे आपल्याकडे हा कायदा बराचसा न्यायालयांनीच घडवला. भोपाळनंतर वर्षभराने, डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून वायू गळला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली इंग्लंडच्या जुन्या नियमातले अपवाद बाजूला सारले आणि धोकादायक उद्योगावर संपूर्ण जबाबदारी टाकली.

लेखी संहिता नसल्यामुळे दार उघडे राहिले, हे खरे. मात्र ते ठोठावण्याची ताकद, वेळ आणि वकिलाची फी पीडितालाच आणावी लागते. सिद्धान्त कितीही उदार असला तरी गरिबाच्या पदरात काय पडते, यावरच त्याची खरी परीक्षा होते.